सरकारच्या बाजूने मोर्चा काढणारे लोक येतात तरी कशाला?

ओरिनोकोकाठचा

परवा कट्ट्यावर वाद झाला, तो अर्धवट राहिला म्हणून इथे धागा काढतोय. सरकारच्या विरोधात मोर्चा निघाला की आपण कारण विचारतो. कांद्याचा भाव, पाणी, पगार, काहीतरी असणारच म्हणतो. सरकारच्या बाजूने निघाला की कारण कुणीच विचारत नाही, थेट रेट विचारतो. 'डोकी किती रुपयाला?'

मीही त्यातलाच. २००५ ते २००८ मी व्हेनेझुएलात होतो. पूर्व किनाऱ्याकडचं तेलाचं गाव, एका खासगी ठेकेदाराकडे नोकरी, काम म्हणजे पाइपलाइनच्या वेल्डिंगच्या एक्स-रे फिल्म दिव्यासमोर धरून भेगा शोधायच्या. आमच्या इमारतीचे जिने पुसायला एक बाई यायच्या, तळमजल्यावरच मागच्या खोलीत राहायच्या. पन्नाशीच्या. मी त्यांना सेन्योरा म्हणायचो, त्या मला 'इंदू'. तिकडे भारतीय म्हटला की तो हिंदूच, मग आमचा केरळचा थॉमससुद्धा इंदू.

नोव्हेंबर २००६. ३ डिसेंबरला राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक, त्याच्या आठवडाभर आधीच्या शनिवारी रात्री बाई लाल टी-शर्टला इस्त्री करत होत्या. राष्ट्राध्यक्ष चावेझच्या प्रचाराच्या शेवटच्या सभेला राजधानी काराकासला जायचं, बस रात्री दोनला. पिशवीत चीज घातलेल्या दोन आरेपा (मक्याच्या जाड भाकरीसारखं असतं), बर्फ करून ठेवलेली पाण्याची बाटली, टोपी. मी शहाणपणाने विचारलं, किती देतात?

आधी त्यांना प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा रागावल्या नाहीत. कपाटातून लाल टी-शर्टची चळत काढून टेबलावर ठेवली. नऊ होते. 'हे देतात,' म्हणाल्या. मग आतून आपल्या म्हाताऱ्या आईला हाक मारली आणि तिच्या हातात तांदळाचं रिकामं पाकीट दिलं. ते 'मेर्काल'चं होतं, म्हणजे त्यांच्याकडच्या स्वस्त धान्य दुकानाचं. त्या पाकिटांवर राज्यघटनेतली कलमं छापलेली असत. म्हातारीने पाकीट खिडकीकडे धरून ते बारीक अक्षर वाचून दाखवलं. दोन वर्षांपूर्वी तिला मोतीबिंदूने काही दिसत नव्हतं. सरकारी योजनेतून विमानाने क्यूबाला नेलं, ऑपरेशन करून परत आणून सोडलं, एक पैसा न घेता.

मी वर खोलीत जाऊन झोपलो. झोप काही लागली नाही. दोन वाजता बसचा हॉर्न वाजला आणि मी गॅलरीत जाऊन पाहिलं. बसच्या दाराशी एक जण यादी घेऊन टॉर्चच्या उजेडात नावांपुढे खुणा करत होता. आणि रांगेत बाईंच्या मागे आमच्या शेजारच्या इमारतीतला एक सरकारी नोकर उभा. हा आमच्यासोबत बिअर प्यायला बसला की चावेझला अर्वाच्य शिव्या देणारा माणूस! अंगात तोच लाल टी-शर्ट.

त्याचं कारण नंतर कळलं. २००४ मध्ये चावेझला पदावरून हटवायचं का यावर सार्वमत झालं, त्याच्या मागणीअर्जावर ज्यांनी सह्या केल्या त्यांची नावं लुईस तास्कोन नावाच्या खासदाराने इंटरनेटवर टाकली. 'तास्कोनची यादी' म्हणून ती कुप्रसिद्ध आहे. नोकरी, बढती, ठेका, कुठेही गेलात की आधी त्यात नाव शोधायचे. याची सही त्यात होती. तेव्हापासून हा एकही सभा चुकवत नव्हता.

म्हणजे एकाच बसमध्ये दोघं, एकीच्या मागे आईचे डोळे, दुसऱ्याच्या मागे स्वतःची सही. सभेचा वरून काढलेला फोटो बघितला तर दोन लाल ठिपके, शेजारी शेजारी.

माझं म्हणणं एवढंच, की त्या दिवशीचा डबा आणि टी-शर्ट हा खर्च आहे, कारण नव्हे. माणूस येतो तो जुन्या उधारीपोटी, नाहीतर पुढचा हप्ता तुटेल या धास्तीने. तुम्ही काय पाहिलंय ते लिहा.

रिकामटेकडा

म्हातारीचे डोळे वगैरे छान लिहिलंय, पण जरा हिशेब बघू. चावेझ १९९९ ला आला तेव्हा त्यांचं तेल पिंपाला दहा डॉलरच्या आसपास होतं. २००८ च्या उन्हाळ्यात जागतिक भाव १४० च्या वर गेला. एवढा पैसा आला असता तर तुम्ही-मीसुद्धा लोकांचे डोळे तपासले असते. आणि क्यूबाचे डॉक्टर फुकट नव्हते. २००० च्या करारात रोज ५३ हजार पिंपं तेल सवलतीने क्यूबाला द्यायचं ठरलं होतं. ते तेल त्या बाईंचंच होतं की! स्वतःच्याच पैशाने डोळे दुरुस्त करून घेतले आणि वर आभार मानायला रात्री दोनच्या बसने गेल्या.

ओरिनोकोकाठचा

@रिकामटेकडा, मुद्दा बरोबर, पण अर्धाच. तेल चावेझच्या आधीही होतं. सत्तरच्या दशकात तर एवढा पैसा आला की देशाला 'सौदी व्हेनेझुएला' म्हणत. तेव्हा बाई विशीत होत्या आणि जिनेच पुसत होत्या. त्यांच्या लेखी फरक तेलाच्या भावात नाही, पाकीट कुणाच्या दारापर्यंत आलं त्यात आहे.

तेलावर चालणाऱ्या देशात एक विचित्र गोष्ट होते. सरकार आपल्या करावर चालत असेल तर आपण हिशेब मागतो, निदान मागायला तोंड असतं. तेल विकून चालत असेल तर लोक वाटा मागतात. वाटप करणाऱ्याच्या जवळ उभं राहणं हाच मग पोटापाण्याचा मार्ग होतो. शिकलेले इंजिनिअर असोत की जिने पुसणारे, सगळ्यांचा.

लालपरीचा_चालक

नमस्कार मंडळी. मी बत्तीस वर्षं एसटी चालवली, २०११ ला निवृत्त. इथे बहुतेक वाचनमात्र असतो, पण हा विषय आमचा आहे.

सभेला ज्या बस जातात त्याला आमच्यात 'प्रासंगिक करार' म्हणतात. लग्नाचं वऱ्हाड, शाळेची सहल आणि सभा, तिन्ही एकाच वहीत. किलोमीटरवर पैसे, आगाऊ भरायचे, वर अनामत. सत्ताधारी असो, विरोधक असो, पैसे भरले की गाडी मिळते. मी दोन्हीकडची माणसं नेली आहेत. कधी कधी तीच माणसं.

काचेवर कागद चिकटवतात, गाडी नंबर आणि गावाचं नाव. गाडीत एक 'प्रमुख' असतो, त्याच्याकडे वही. ४४ सीटची गाडी, तर वहीत पन्नास नावं हवीत, नाहीतर त्याला वरून बोलणी. त्या प्रमुखाला काय मिळायचं विचाराल तर त्या दिवशी काही नाही. पण गावात रस्त्याचं किंवा गटाराचं छोटं काम निघालं की ते त्याच्याकडे. गर्दीचा खरा पगार या मधल्या माणसाला मिळतो असं माझं मत. मागच्या सीटवरच्या बाईला पुरी-भाजीचं पाकीट.

आणि धागा काढणारे साहेब म्हणतात ते खरं आहे. मी आरशातून ऐकायचो ना. कुणाचं घरकुलाचं प्रकरण अडकलेलं, कुणाची म्हातारपणाची पेन्शन सुरू व्हायची, कुणाच्या पोराला चिकटवायचं. 'दिसलो पाहिजे' हा शब्द मी शेकडो वेळा ऐकला. भाषण काय झालं यावर परतीच्या वाटेत कुणी बोलल्याचं आठवत नाही.

शेंगदाणा_कूट

@लालपरीचा_चालक काका, साष्टांग! तुम्ही वेगळा धागाच काढा. परतीच्या वाटेचंही सांगा ना.

सुतरफेणी

धाग्यात खाण्याचा उल्लेख आल्यावर माझा प्रतिसाद येणारच होता.

गंमत बघा, सरकारच्या बाजूच्या गर्दीला हिणवायला कितीतरी देशांत एका खाद्यपदार्थाचं नाव आहे. इराणमध्ये 'सांडीस'. ते खरं तर पाकिटातल्या फळांच्या रसाचं ब्रँडनाव. सरकारी मेळाव्यात वाटतात म्हणून समर्थकांना 'सांडीसखोर' म्हणतात. २००९ च्या निवडणुकीनंतर निकालाविरुद्धच्या 'हिरव्या' आंदोलनाला उत्तर म्हणून ३० डिसेंबरला सरकारने प्रचंड मेळावे भरवले, त्या सुमारास तर हा शब्द सगळ्यांच्या तोंडी होता. तुर्कस्तानात एर्दोआनच्या मतदारांना 'मकार्ना' म्हणजे मॅकरोनीवरून टोमणे मारतात, कारण गरीब वस्त्यांत मॅकरोनी आणि हिवाळ्यासाठी कोळसा वाटला जायचा. अर्जेंटिनात पेरॉनवाल्यांच्या (जुने राष्ट्राध्यक्ष पेरॉन यांना मानणाऱ्यांच्या) सभेला लोक 'चोरिपान'साठी जातात म्हणतात. चोरिपान म्हणजे पावात घातलेलं भाजलेलं सॉसेज. आपला वडापावच म्हणा, शाकाहारींनी नाक मुरडू नये.

हे सगळे शब्द कोण वापरतं? ज्यांच्या घरी दुपारच्या जेवणाची भ्रांत नाही ते. एका सॉसेजसाठी कुणी दिवसभर उन्हात उभं राहत असेल असं ज्यांना वाटतं, त्यांनी उन्हात उभं राहून बघावं. आणि समजा राहत असेल, तर प्रश्न त्या माणसाबद्दल पडायला हवा की त्याच्या मजुरीबद्दल?

रच्याकने (म्हणजे जाता जाता), आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेला समोसे ठेवल्याशिवाय कोरम होत नाही. फ्लॅट दीड कोटीचा.

कोरडा_कोकणी

सोसायटीच्या समोशाला +१००

व्यवस्थापन

राज्यातल्या चालू योजना आणि पक्षांवरचे तीन प्रतिसाद उडवले आहेत. त्यासाठी राजकारण विभाग आहे. या धाग्याचा काश्मीर करू नये, म्हणजे विषय भरकटवू नये.

अंकगणिती

उडवलेल्यांतला एक माझा होता. हरकत नाही, जुनं लिहितो, जुन्याला कुणी उडवत नाही.

१९ जुलै १९६९. इंदिरा गांधींनी १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण केलं. ५० कोटींच्या वर ठेवी असलेल्या बँका, त्यात आपली पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्रसुद्धा. पुढचे कित्येक दिवस दिल्लीत पंतप्रधानांच्या घरासमोर टॅक्सीवाले, रिक्षावाले, फेरीवाले, छोटे दुकानदार झुंडीने येत होते, अभिनंदन करायला. यातल्या बहुतेकांचं बँकेत खातंसुद्धा नव्हतं. मग आनंद कशाचा? त्या काळी बँकांच्या एकूण कर्जातला शेतीचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास होता. रिक्षावाल्याला रिक्षा घ्यायला पैसे हवेत तर सावकार. बँकेचं दार कधीतरी आपल्यासाठी उघडेल, एवढ्या शक्यतेवर ती गर्दी जमली होती. यात धनंजयराव गाडगीळांचा अभ्यासगट, अग्रणी बँक योजना वगैरे बरंच आहे, ते पुन्हा कधीतरी.

आता सहा वर्षं पुढे या. १२ जून १९७५, अलाहाबाद उच्च न्यायालयाचा निकाल, निवडणूक रद्द. पुन्हा त्याच घरासमोर 'उत्स्फूर्त' समर्थनाचे मेळावे. पण या वेळी शेजारच्या राज्यांतून ट्रक आले, दिल्लीच्या सरकारी बस या कामाला लावल्या गेल्या. पुढे आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शहा आयोगासमोर ते सगळं बाहेर आलं.

मूळ लेखात बाई आणि शेजारी एकाच बसमध्ये आहेत. इथे तीच दोन माणसं सहा वर्षांच्या अंतराने दिसतात. मधल्या काळात काय झालं? १९७२ चा दुष्काळ, १९७३ चा तेलाचा भडका, १९७४ मध्ये वीस टक्क्यांच्या वर गेलेली महागाई. शक्यतेवर माणसं पायी येतात. शक्यता आटली की बस पाठवावी लागते.

रिकामटेकडा

@अंकगणिती, हे वाक्य टाळ्यांचं आहे, पण १९६९ ला एकही टेम्पो कुणी पाठवला नव्हता असं मानायला मी तयार नाही. संघटना तेव्हाही होत्या. आणि १९७५ च्या ट्रकमध्येही मनापासून आलेला कुणीतरी असणारच.

अंकगणिती

मान्य. प्रमाण बदललं म्हणू या.

कोरडा_कोकणी

आमच्या जहाजाचा कॉन्स्टान्झा बंदरात (रुमानिया) बरेच दिवस मुक्काम असायचा, तिथल्या एका म्हाताऱ्या क्रेनवाल्याकडून ऐकलेलं आणि नंतर वाचून ताडून पाहिलेलं सांगतो.

२१ डिसेंबर १९८९. तिमिशोआरा शहरात निदर्शकांवर गोळीबार झालेला. हुकूमशहा चाउशेस्कूने राजधानी बुखारेस्टच्या चौकात स्वतःच्या समर्थनार्थ सभा बोलावली. कारखान्यांतून कामगार आणले, हातात फलक आणि तसबिरी. बाल्कनीतून भाषण सुरू झालं आणि गर्दीतून आरडाओरडा. तो 'अलो, अलो' करत राहिला, जसा काही फोन कट झालाय. मग त्याने काय करावं? पगारवाढ जाहीर केली! किमान पगार २००० लेईवरून २२००. वर पेन्शन आणि मुलांच्या भत्त्यात थोडी वाढ. दुसऱ्या दिवशी तो हेलिकॉप्टरने पळाला.

त्याआधीचं सगळं ऐंशीचं दशक त्याने परदेशी कर्ज फेडायच्या नादात लोकांना थंडीत कुडकुडवलं होतं. देशातलं धान्य-मांस बाहेर विकलं, घरातल्या हीटरला गॅस नाही, ब्रेड रेशनवर. कर्ज १९८९ मध्ये फिटलंसुद्धा. तिजोरीच्या वहीत शून्य बाकी आणि लोकांच्या वहीत पानंच्या पानं. तिथे २०० लेई कुठे पुरायला. क्रेनवाल्याचा भाऊ त्या चौकात होता. कारखान्याच्या हजेरीत नाव होतं म्हणून गेला होता. क्रेनवाला सांगायचा की शेजारचा ओरडला तेव्हा भावाने आधी मागे वळून पाहिलं, आपल्या सुपरवायझरकडे. सुपरवायझर जमिनीकडे बघत होता.

त्याच देशातला पुढचा प्रकार तर आणखी नामी. जून १९९० मध्ये नव्या सरकारविरुद्ध विद्यार्थी चौकात बसले, तेव्हा जिऊ खोऱ्यातले खाणकामगार रेल्वेने राजधानीत आले आणि सरकारच्या बाजूने विद्यार्थ्यांना बेदम मारलं. राष्ट्राध्यक्ष इलिएस्कूने त्यांचे जाहीर आभार मानले. सप्टेंबर १९९१ मध्ये तेच खाणकामगार पुन्हा रेल्वेने आले, या वेळी पगार आणि महागाईवरून, आणि पंतप्रधान पेत्रे रोमानला घरी बसवून गेले. पंधरा महिने!

तळ्यातमळ्यात

वाचतेय. पण @ओरिनोकोकाठचा, एक बाजू राहिली. चावेझच्या विरोधातले मोर्चे काय फुकट निघायचे? एप्रिल २००२ मध्ये चावेझला हटवणारं बंड झालं तेव्हा दोन दिवसांसाठी राष्ट्राध्यक्ष झालेले पेद्रो कार्मोना उद्योजकांच्या महासंघाचे अध्यक्षच होते. त्यानंतरच्या डिसेंबरात तर मालकांनीच शटर ओढून संप केला. मालकाने दुकान बंद करून 'जा मोर्चाला' म्हटलं तर त्याला आपण लोकशाही म्हणतो, आणि सरकारी खात्याने सुट्टी दिली की भाडोत्री गर्दी. असं का?

ओरिनोकोकाठचा

@तळ्यातमळ्यात, अगदी. आणि त्या बंडाच्या वेळची १३ एप्रिलची गर्दी तर कुणाच्या बसने आली नव्हती. सरकारच उरलं नव्हतं, बस पाठवणार कोण? डोंगरउतारावरच्या झोपडपट्ट्यांतून लोक चालत राष्ट्राध्यक्ष भवनापाशी आले. बंड ११ तारखेचं, म्हणून तिकडे म्हणच पडली, 'प्रत्येक अकराला त्याचा तेरा असतो'. त्या वेळी मोठ्या योजना सुरूही झाल्या नव्हत्या. दवाखाने, मेर्काल, साक्षरता वर्ग, सगळं २००३ पासूनचं. म्हणजे पहिली गर्दी उधारीची पण नव्हती. अंकगणिती म्हणतात तशी शक्यतेची असेल.

उलट पेदेवेसा या सरकारी तेल कंपनीचं बघा. त्या संपानंतर पेदेवेसाच्या सुमारे १८ हजार लोकांना काढून टाकलं. नोव्हेंबर २००६ मध्ये तेलमंत्री आणि कंपनीचे अध्यक्ष असलेले राफाएल रामिरेस यांची चित्रफीत फुटली. ही कंपनी वरपासून खालपर्यंत 'लाल, लाल-लाल' आहे, ज्याला पटत नाही त्याने जागा खाली करावी, असा सूर. निवडणुकीच्या महिनाभर आधी. यानंतर कुणाला मोर्चाचं आमंत्रण वेगळं द्यायची गरज उरते का?

मला खरं तर पुढचं सांगायचं होतं. २०१४ नंतर तेल कोसळलं, चावेझ आधीच गेला होता. योजना आक्रसल्या. २०१६ पासून महिन्याला धान्याची पेटी सुरू झाली, तांदूळ, पास्ता, मसूर, तेल, दूधपावडर. वाटणार कोण, तर वस्तीतल्या समित्या, त्यात पक्षाची माणसं. २०१७ ला क्यूआर कोडवालं 'मातृभूमी कार्ड' आलं. २०१८ च्या निवडणुकीत मतदान केंद्राजवळ लाल तंबू होते, मत देऊन आलात की तिथे कार्ड दाखवायचं. त्या वर्षीची महागाई त्यांच्याच मध्यवर्ती बँकेने १,३०,०६० टक्के सांगितली. छपाईची चूक नाही, एक लाख तीस हजार.

आणि यातली मेख अशी. किमान पगार मार्च २०२२ मध्ये १३० बोलिवार केला, तेव्हा ते ३० डॉलरच्या आसपास होते. २०२४ पर्यंत आकडा तोच, किंमत साडेतीन डॉलर. मग लोक जगतात कसे? मे २०२४ मध्ये सरकारने सांगितलं, महिन्याला १३० डॉलर मिळतील, त्यात ४० जेवणाचे आणि ९० 'आर्थिक युद्धाचा बोनस'. पगार पगारातच राहिला असता तर त्यावर रजा, ग्रॅच्युइटी, पेन्शन सगळं आलं असतं. बोनसवर काही नाही. आपल्याकडे गिरणीकामगार दिवाळीचा बोनस हा थकलेला पगारच आहे म्हणून भांडले. इथे उलटी गंगा, पगाराचाच बोनस करून टाकला. जो पैसा हक्काचा होता तो मर्जीचा झाला, आणि मर्जी सांभाळायला माणसाला अधूनमधून लाल टी-शर्टात दिसावं लागतं.

रिकामटेकडा

हे पटलं. माझा आधीचा 'हिशेब' थोडा मागे घेतो, थोडाच. त्या बाईंचं पुढे काय?

ओरिनोकोकाठचा

२०१७ पर्यंत अधूनमधून बोलणं व्हायचं. म्हातारी २०१३ ला गेली. धाकटा मुलगा पायी कोलंबियात गेला, तिथून पेरूला. देश सोडून गेलेले सत्तर लाखांच्या वर आहेत, त्यातला एक. शेवटचा फोन झाला तेव्हा पेटीतल्या मसुराची चांगली आमटी कशी करायची ते विचारत होत्या, मी सांगितली, जिरं मिळत होतं का नव्हतं ते आता आठवत नाही. मोर्चाला जाता का विचारलं. म्हणाल्या, यादीवाला आता आमच्याच मजल्यावर राहतो.

सुतरफेणी

...

लालपरीचा_चालक

दोन दिवस गावी होतो, उत्तर राहिलं. @शेंगदाणा_कूट ताई, परतीचं विचारलं होतंत.

जाताना प्रमुख गाडी भरायला घरोघर फिरतो, चाळीस-बेचाळीस डोकी कशीबशी होतात. परतताना त्याच गाडीत साठ. कारण निम्मे लोक सभेच्या मैदानात शिरून, प्रमुखाला एकदा तोंड दाखवून बाजारात गेलेले असतात. कुणी बियाणं घेतं, कुणी पोरीच्या सासरी जाऊन येतं, कुणी मोठ्या दवाखान्यात म्हाताऱ्याला दाखवून आणतं, कारण एरवी जाण्यायेण्याचं भाडं परवडत नाही. येताना सोबत पाहुणे, गोणी, एकदा तर एक शिलाई मशीन. मी नको म्हटलं, टपावर जागा नव्हती. तर बाई म्हणाल्या, ड्रायव्हरदादा, पुढची सभा कधी आहे कुणास ठाऊक, आजच न्यायला पाहिजे. ठेवलं मग पुढे, इंजिनच्या झाकणाशेजारी.